शुक्रवारचा दुसरा टँकर

गॅरेजवाल्याकडे गाडी येते, घड्याळवाल्याकडे घड्याळ येतं. माझ्याकडे फक्त तक्रार येते. "जाधव, काल चालत होतं, आज चालत नाही." एवढं एक वाक्य घेऊन मी डोंबिवलीहून निघतो आणि ठाण्याला, कल्याणला, शीळफाट्याला कुणाच्या तरी ऑफिसात खुर्ची ओढून बसतो. तिथली माणसं माझ्या पाठीमागे उभी राहतात आणि आम्ही सगळे मिळून पडद्याकडे बघतो. गोंधळलेले सगळेच असतात. फक्त त्यांना वाटतं की मला कळतंय.

धंदा समजावून सांगतो, कारण माझ्या सख्ख्या मेहुण्यालाही तो अजून कळलेला नाही. त्याला वाटतं मी प्रिंटर दुरुस्त करतो. लोक मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर जे पान उघडतात, म्हणजे बुकिंगचं, फीचं, तक्रारीचं, त्याच्या मागे एक प्रोग्रॅम असतो. मी बघतो ते प्रोग्रॅम जावा नावाच्या भाषेत लिहिलेले असतात आणि तेही एका फ्रेमवर्कवर उभे असतात. फ्रेमवर्क म्हणजे मंडप डेकोरेटर. खांब त्याचे, कापड त्याचं, दिवे त्याचे. तुम्ही नवरानवरी आणून बसवायची. काम झटपट होतं. पण ऐन मुहूर्ताला छत खाली आलं तर कुठला खांब सुटला ते तुम्हाला सांगता येत नाही, कारण एकही खांब तुम्ही रोवलेला नसतो. माझं पोट त्या सुटलेल्या खांबांवर चालतं.

मी ठाकुर्लीच्या चाळीतला. वडील एमआयडीसीत केमिकल कंपनीत होते. जावाच्या क्लासची फी परवडण्यासारखी नव्हती, म्हणून मी क्लासच्या सरांना म्हटलं, तुमची बंद पडलेली मशीन चालू करून देतो, मला मागच्या बाकावर बसू द्या. ते हो म्हणाले. आठवड्याने म्हटलं, मागून फळा दिसत नाही, पुढे बसतो. त्यालाही हो म्हणाले. घासाघीस तिथे शिकलो. जावा तेवढी नीट शिकलो की नाही याबद्दल आजही मला शंका येते, आणि ज्याला अशी शंका येत नाही त्याने या धंद्यात उतरू नये.

नेहमीचे आजार ठरलेले आहेत. ठाण्याला खोपटच्या एसटी स्टँडवर गाडी लागली की लोक खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात. प्रोग्रॅमलाही बसायला एक ठरलेली जागा लागते. पुष्कळदा कालचाच प्रोग्रॅम नीट बंद न होता तिथे रुमाल टाकून बसलेला असतो आणि आजचा दारात ओरडत राहतो. दुसरा आजार म्हणजे पत्ता आहे पण त्या पत्त्यावर घरच नाही. प्रोग्रॅम विश्वासाने जातो आणि खड्ड्यात पडतो. तिसरा सोसायटीवाल्यांना लगेच कळतो. चेअरमन म्हणतो आधी सेक्रेटरीची सही आणा, सेक्रेटरी म्हणतो आधी चेअरमनची. प्रोग्रॅमचे दोन भाग असेच एकमेकांची वाट बघत बसतात आणि काहीच सुरू होत नाही. यांची औषधं मला पाठ आहेत. त्रास देतात ते आजार, ज्यात सगळं सुरळीत चाललेलं दिसतं.

कल्याणला एका काकूंचं वधूवर सूचक मंडळ आहे. त्यांच्या साइटवर प्रत्येक उमेदवाराची जन्मतारीख एक दिवस आधीची दिसायला लागली. सगळ्यांचीच. त्यांनी ज्या नव्या सर्व्हरवर साइट हलवली होती त्याचं घड्याळ परदेशातलं होतं. आपल्याकडे रात्रीचे बारा वाजून नवी तारीख लागते तेव्हा तिथे अजून आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. प्रोग्रॅम प्रत्येक जन्म मध्यरात्रीचा धरायचा आणि कालचा दाखवायचा. तारीख बदलली की नक्षत्र बदललं, नक्षत्र बदललं की पत्रिका बदलली. काकूंचे दोन ज्योतिषी एकमेकांशी बोलेनासे झाले होते. मी घड्याळ सरळ केलं आणि विचारलं, "काकू, चुकीच्या तारखेवर पत्रिका जुळून लग्नं लागली त्यांचं काय?"

"त्यांचं उत्तम चाललंय."

"मग बरोबर तारखेवर जुळलेल्यांचं?"

"जाधव, तुम्ही तुमचं काम करा."

असे प्रश्न मला पडतात आणि उत्तरं मिळत नाहीत. पण सांगायची गोष्ट ती नाही. सांगायची आहे ती पाण्याची, आणि त्यासाठी आधी दिगंबरचं नाव घ्यावं लागेल. ते मी सहसा घेत नाही.

दिगंबर माझा भागीदार होता. तो लिहायचा, मी गिऱ्हाईक आणायचो आणि बिघडलेलं निस्तरायचो. वेगळे झालो तेव्हा वाटणी झाली. ठाण्याचं एक मोठं हॉस्पिटल आमचं गिऱ्हाईक होतं, ते त्याला हवं होतं. मी तीन दिवस भांडलो, टेबलावर हात आपटले आणि शेवटी म्हटलं, हॉस्पिटल तू घे, पण आजवर आपण केलेल्या बाकीच्या प्रत्येक साइटवर खाली फक्त माझं नाव राहील. "निर्मिती: जाधव." तुझं निघेल. तो हो म्हणाला. त्या दिवशी मी खूश होऊन घरी गेलो. आयुष्यात इतका चांगला सौदा केला नव्हता असं मला वाटलं. दिगंबर आता कॉलेजांत जाऊन स्वच्छ प्रोग्रॅम कसा लिहावा यावर भाषणं देतो. जाऊ दे.

त्या बाकीच्या साइटींमध्ये बाळाराम शेठची टँकरची साइट होती. शीळ रोडला शेठची विहीर आणि बोअरवेल, पंधरा-वीस टँकर, आणि पत्र्याचं ऑफिस. शेठ तिथल्याच गावचे. जमीन बिल्डरला न देता पाणी विकायला लागलेला शहाणा माणूस. आमच्याकडे आठवड्यातून एक दिवस नळाचं पाणी बंद असतं, तो शुक्रवार. त्या दिवशी सगळ्या सोसायट्यांना टँकर हवा असतो. पूर्वी सगळे सेक्रेटरी फोन करायचे आणि ते फोन मंगलताई घ्यायच्या. पन्नाशीच्या, ठाकुर्लीलाच राहणाऱ्या. आवाज असा की ड्रायव्हर लांबूनच गाडीचा हॉर्न बंद करायचे. फोनचा त्रास वाचावा म्हणून, सांगतोय त्या गोष्टीच्या आठ महिने आधी, शेठनी साइट करून घेतली आणि नियम केला की शुक्रवारचं बुकिंग गुरुवारी संध्याकाळी सातला उघडेल. ज्याला साइट जमणार नाही त्याच्यासाठी मंगलताई ऑफिसातून नोंद करतील.

एके शनिवारी शेठचा फोन आला. आवाज खाली होता. शेठ ओरडत नाहीत तेव्हा काळजी करावी.

मी गेलो तर मंगलताई एका कोपऱ्यात, शेठ दुसऱ्या कोपऱ्यात. शुक्रवारी शीळ रोडच्या एका मोठ्या कॉम्प्लेक्सचा टँकर गेलाच नव्हता. आणि मंगलताई राहतात त्या ठाकुर्लीच्या बिल्डिंगने एक मागवलेला असताना तिथे दोन गेले होते. कॉम्प्लेक्सचा चेअरमन ऑफिसात येऊन शेठला ड्रायव्हरांसमोर बोलून गेला होता, की तुमची बाई आमचं पाणी स्वतःच्या घरी नेते.

"जाधव, मना यक सांग," शेठ म्हणाले. "ही खोटा बोलते का तुझा कॉम्प्युटर?"

"कॉम्प्युटर खोटं बोलत नाही, शेठ. त्याला जे सांगाल ते करतो."

हे वाक्य मी हजार ठिकाणी बोललो आहे आणि ते आजही खरं आहे. पण त्या दिवशी ते बोलल्यावर मंगलताईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढ्यातला चहा घेतला नाही.

"मग झाला," शेठ म्हणाले. "बाई, पुढचा शुक्रवार झाला का ऑफिसच्या चाव्या ठेवून जा. इतकी वर्सं केलंस, म्हनून यक आठवडा देतो."

मंगलताई एवढंच म्हणाल्या, "मी पाणी नेलं नाही. चाव्या पाहिजेत तर आत्ताच घ्या."

शेठनी घेतल्या नाहीत. शुक्रवारची गर्दी त्यांच्याशिवाय कोण सांभाळणार होतं?

बाहेर आल्यावर मला राग आला. कुणावर ते कळेना. मी त्यांना चोर म्हटलं नव्हतं, पण माझ्या वाक्यातून निघालं तेच. म्हटलं, आधी बघू तरी. आठवडाभर मी ती साइट तपासली. टँकर मागवला, बरोबर जागी नोंद. ठाकुर्लीच्या नावाने मागवला, बरोबर. चुकीचं काही भरून पाहिलं तर साइटने नम्रपणे नकार दिला. शंभर वेळा मागवला असेल, शंभरही वेळा बरोबर. या धंद्यात यासारखी वाईट गोष्ट नाही. दाढ दुखते म्हणून डॉक्टरकडे गेलात आणि तिथे पोहोचल्यावर दुखायची थांबली, तसं. दर वेळी एकच निष्कर्ष निघायचा, की बाईंनीच केलं. आणि दर वेळी मला वाटायचं, जी बाई चोरी करते ती चाव्या आत्ताच घ्या म्हणेल का? का मुद्दाम म्हणेल? मी घासाघीस करणारा माणूस. समोरच्याचा खरा भाव मला डोळ्यांत दिसतो असा माझा समज होता. मंगलताईंच्या डोळ्यांत मला काही दिसलं नाही.

गुरुवारी मी संध्याकाळी शेठच्या ऑफिसात जाऊन बसलो. मंगलताई त्यांच्या टेबलावर, मी खिडकीपाशी लॅपटॉप घेऊन. दोघंही एकमेकांशी बोलत नव्हतो. सात वाजले तसे त्यांचे फोन सुरू झाले. "हो काका, टाकते तुमचं नाव. टाकते म्हटलं ना." मीही इकडे "चाचणी सोसायटी" या नावाने एक टँकर मागवला. पडद्यावर आलं, आपली मागणी नोंदवली. मी बंद करणार तेवढ्यात खाली बारीक अक्षरात नाव दिसलं. चाचणी सोसायटी नव्हतं. कुठल्याशा साई छाया बिल्डिंगचं होतं.

"मंगलताई, माझ्या लॅपटॉपला हात लावलात का तुम्ही?"

"मी इथे, तुम्ही तिथे. माझा हात म्हणजे काय मारुतीची शेपूट आहे?"

"मग साई छाया कोण?"

त्यांनी फोन खाली ठेवला. "ते काका. आत्ताच त्यांचं टाकलं मी."

"कधी?"

"आत्ता हो. तुमच्याबरोबरच."

मी त्यांचा पडदा पाहिला. तिथेही साई छाया. म्हणजे साई छायाला दोन टँकर आणि चाचणी सोसायटीला एकही नाही. मी आठवडाभर एकटा बसून बटण दाबत होतो. एकट्याने दाबलं तर ते कधीच चुकलं नसतं. आणि गुरुवारी सातला अख्खी डोंबिवली एका दमात बटण दाबते.

आम्ही पुन्हा करून पाहिलं. एक ड्रायव्हर चहा घ्यायला आत आला होता, त्यालाही मोबाइल घेऊन बसवला. मंगलताई म्हणाल्या, "एक, दोन, तीन," आणि तिघांनी दाबलं. तिघांच्याही पडद्यावर ड्रायव्हरच्या गावचं नाव. ड्रायव्हर म्हणाला, "आयला, आपल्याला तीन टँकर," आणि हसायला लागला. मंगलताई हसल्या नाहीत.

मी प्रोग्रॅम उघडला. भानगड अशी होती. हॉटेलात एकच वेटर आहे आणि त्याच्याकडे एकच पाटी आहे असं समजा. तुम्ही मिसळ सांगितली, त्याने पाटीवर लिहिलं. तो आत सांगायला जातोय तोवर शेजारच्या टेबलाने डोसा सांगितला. त्याने मिसळ पुसून डोसा लिहिलं, आणि आत जाऊन दोन टेबलांना दोन डोसे सांगितले. फ्रेमवर्क काटकसरी असतं. सगळ्या गिऱ्हाइकांसाठी ते एकच वेटर ठेवतं. त्यात वाईट काही नाही, वेटरने पाटी ठेवायची नाही एवढंच. प्रत्येक ऑर्डर ज्याची त्याच्या चिठ्ठीवर लिहायची. हे नवशिक्यालाही सांगतात. दिगंबरने पाटी ठेवली होती.

पण मला एक कळेना. "ताई, हे पहिल्या दिवसापासून होत असणार. मग आजवर कुणी बोललं कसं नाही?"

त्या म्हणाल्या, "ज्याला दोन मिळाले तो शुक्रवारी कशाला बोलेल? टाकीचं झाकण उघडतो आणि गप बसतो. ज्याला मिळाला नाही तो मला फोन करायचा. शिव्या घालायचा. मी म्हणायचे ट्रॅफिकमध्ये अडकलाय, आणि ज्या ड्रायव्हरची फेरी संपलीय त्याला गोड बोलून परत पाठवायचे. मला वाटायचं माझंच काहीतरी चुकतंय. त्या दिवशी ड्रायव्हर शिल्लक नव्हता."

म्हणजे माझ्या साइटची चूक ही बाई आठ महिने फोनवरून दुरुस्त करत होती, आणि तिने ती इतकी नीट केली की चूक दिसलीच नाही.

दुरुस्ती दहा मिनिटांची होती. मी ती केली नाही. लॅपटॉप बंद केला आणि शेठकडे गेलो. घासाघिशीचा पहिला नियम, माल हातचा सोडायच्या आधी भाव ठरवायचा. दुसरा नियम, जे हवं आहे ते आधी मागायचं नाही.

"शेठ, सापडलं. चूक साइटची आहे. आत्ता करतो, पण तुम्ही सगळ्या सोसायट्यांच्या ग्रुपवर लिहायचं, की मंगलताईंवर खोटा आळ घेतला, माफ करा."

"येडा झालास काय रं? धंदा करतो मी. ग्रुपवर लिवलं तर उद्या लोक मागचा सगळा हिसाब काढतील."

"मग गेटवर बोर्ड लावा."

"बोर्ड कनाला? चाव्या नाय घेत तिच्या. झाला ना?"

"नाही झालं. तो चेअरमन ड्रायव्हरांसमोर बोलला. तुम्ही पण ड्रायव्हरांसमोर बोला. तो चेअरमन पण पाहिजे."

"चेअरमनला नाय बोलवनार. ड्रायव्हरांना सांगतो."

"उद्या सकाळी, गाड्या सुटायच्या आधी. शब्द मी सांगेन ते."

"शब्द माझे मी बोलनार."

मला हवं होतं तेवढंच मिळालं होतं, तरी मी अजून थोडी कुरकुर केली. नाहीतर समोरच्याला फसल्यासारखं वाटतं. मग लॅपटॉप उघडला आणि दुरुस्ती केली.

शुक्रवारी सकाळी शेठ टँकरच्या पायरीवर चढले. ड्रायव्हर, क्लीनर खाली गोळा झाले. शेठ म्हणाले, "आयका. पानी बाईनं नाय नेला. कॉम्प्युटर चुकला. आता कोन काय बोलला तर माझ्याशी गाठ हाय. चला, गाड्या काढा." एवढंच. मंगलताई दारात हाताची घडी घालून उभ्या होत्या. ड्रायव्हर गेल्यावर त्या माझ्याकडे आल्या. मला वाटलं, आता दोन शब्द चांगले ऐकायला मिळतील. खोटं कशाला बोलू, मी ते ऐकायला उभा होतो.

"म्हणजे आठ महिने मी शिव्या खाल्ल्या त्या तुमच्यामुळे," त्या म्हणाल्या.

"माझ्यामुळे नाही. ते दिगंबरने लिहिलं होतं."

"कोण दिगंबर?"

"माझा भागीदार होता."

त्यांनी मोबाइल काढला, साइट उघडली, अंगठ्याने खाली सरकवली आणि पडदा माझ्यासमोर धरला. "इथे कुणाचं नाव आहे?"

निर्मिती: जाधव. त्या आत गेल्या.

त्याच दुपारी मी दिगंबरला फोन लावला. वाटणी झाल्यापासून पहिल्यांदाच. सगळा राग काढला. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "अरे, पण तेव्हा चालत होतं ना? तूच म्हणालेलास, चालतंय तर हात लावू नको." मी असं म्हणालो होतो का? मला आठवत नाही. म्हणालोही असेन. त्याने बोलता बोलता हॉस्पिटलचं कसं छान चाललंय तेही सांगितलं.

आता शेवटचं. दुरुस्तीनंतर सगळे शुक्रवार नीट गेले. आणि मग एका शुक्रवारी ठाकुर्लीच्या त्याच बिल्डिंगला पुन्हा दोन टँकर गेले. शेठचा फोन आला, पुन्हा तोच खालचा आवाज. मी प्रोग्रॅमची एकेक ओळ वाचली. वेटरकडे पाटी नव्हती. आठ-दहा माणसं बसवून एकदम बटण दाबायला लावलं, सगळं बरोबर. नोंदीत मागण्या दोन होत्या, दोन्ही ऑफिसातून केलेल्या. बाईंनी दोनदा दाबलं असेल. चुकून किंवा जाणून. किंवा दिगंबरने आणखी कुठे काही पेरून ठेवलं असेल जे मला अजून दिसलेलं नाही. हा धंदा करणारा कुणीही सांगेल, सापडली नाही म्हणजे चूक नाही असं कधीच नसतं.

मी शीळ रोडला गेलो. मंगलताई फोनवर होत्या. मी त्यांच्यासमोर बसलो.

"ताई, ठाकुर्लीला दोन गेले."

"गेले का?" त्यांनी फोनवर हात ठेवला. "बघा बरं. कॉम्प्युटरच असेल."

मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. मागच्यासारखंच, काही दिसलं नाही. त्यांच्या बिल्डिंगला त्या दिवशी पाण्याची काय गरज होती, कुणाकडे काय कार्य होतं, हे मी विचारू शकलो असतो. विचारलं नाही. आठ महिने त्यांनी माझ्या चुका न विचारता भरून काढल्या होत्या.

शेठ बाहेर खाटेवर बसले होते. "काय रं जाधव? आता कोन? बाई का कॉम्प्युटर?"

"कॉम्प्युटर, शेठ."

"तू तर नीट केलेला ना?"

"राहिलं होतं थोडं."

"तुझा काम असाच," शेठ म्हणाले आणि तोंड फिरवलं. पुढे ड्रायव्हरांतही तसंच बोललं जायला लागलं. अजूनही दर गुरुवारी सातच्या आधी मंगलताईंचा मला फोन येतो. "काय जाधव, आज कुणाचं पाणी कुणाला देणार?" मी म्हणतो, बघू.

साइटच्या खालचं माझं नाव प्रोग्रॅमच्या एका ओळीत आहे. ती ओळ कुठे आहे ते मला माहीत आहे, आणि ती काढायला दहा मिनिटंही लागत नाहीत. अजून काढलेली नाही.